रिटुक्सिमॅब: औषध गुणाचं, पण घाई नको

लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) असो वा संधिवात, रिटुक्सिमॅब बी-पेशींवरच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींवरच्या) सीडी२० या प्रथिनाला चिकटून त्या पेशी संपवतं. औषध खरंच गुणाचं. २००७ पासून भारतीय बायोसिमिलरही, म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळतंजुळतं औषधही, आहे. पहिला डोस मात्र सावकाशच हवा: आधी पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीचं औषध, मग तासाला ५० मिलिग्रॅमने सुरुवात, दर अर्ध्या तासाला ५० ची वाढ, कमाल ४००. थंडी वाजली, घसा खवखवला की लगेच सिस्टरांना सांगा. ड्रिप थांबवतात, त्रास ओसरला की निम्म्या वेगाने पुन्हा लावतात. मिरजेहून सांगलीला उन्हातून वायल (औषधाची कुपी) आणताना २ ते ८ अंश सांभाळा, पण बर्फाला टेकवू नका; गोठलेली वायल वाया जाते. आणि हिपॅटायटिस बी तपासल्याशिवाय सुई टोचूच देऊ नका. दबलेला विषाणू उसळला तर यकृत निकामी होऊ शकतं.