एस्टीमला मोठी थ्रॉटल बॉडी: नागपूरचा उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

पेडलनुसार इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करते ती थ्रॉटल बॉडी; माझ्या मारुती एस्टीमला ती मोठ्या व्यासाची बसवली. सगळे आधी हेच विचारतात, की पिकअप वाढला का? वरच्या रेसला वाढला. साडेचार हजार आरपीएमच्या पुढे गाडी आधी दमायची, आता ओढत राहते. त्याखाली ताकद होती तेवढीच आहे. पाय टेकताच गाडी फटकन सुटते, आणि भले भले त्यालाच ताकद समजतात.

माझी जुनी एस्टीम, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह. हेड पोर्ट केलेलं (आतल्या हवेच्या वाटा मोठ्या केलेल्या), व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदललेला, हेडर म्हणजे धुराचे वेगळे पाइप लावलेले आणि कंपनीच्या ईसीयूऐवजी (इंजिनचा कॉम्प्युटर) हवा तसा ट्यून करता येणारा स्टँडअलोन. एवढं आधीच झालेलं होतं म्हणून बॉडीच्या वाटेला गेलो. इंजिन कंपनीचं जसंच्या तसं असेल तर राहू द्या भाऊ, त्याला एवढी हवा ओढताच येत नाही.

व्यास १० टक्के वाढला की हवेची वाट २१ टक्के मोठी होते. पण गावात गाडी चालते पाव पेडलवर, आणि तिथेच ही वाढ त्रास देते. त्यात कंपनीच्या बॉडीवरची केबलची पुली पूर्ण गोल नसते; सुरुवातीला बटरफ्लाय (बॉडीतली हवा अडवणारी चकती) हळू उघडावा असा तिचा आकार असतो. नव्या बॉडीच्या किटमधली पुली बांगडीसारखी गोल निघाली. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला गाडी उड्या मारायची, बाजूचे स्कूटरवाले वळून बघायचे. शेवटी हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची पुली करून घेतली, सुरुवातीला त्रिज्या जास्त आणि पुढे कमी होत जाणारी. संपूर्ण कामात सगळ्यात जास्त समाधान या तुकड्याने दिलं.

आता थ्रॉटल किती उघडला ते ईसीयूला सांगणारा सेन्सर. किटसोबत आला तो पोटेन्शिओमीटरवाला (आत कार्बनच्या पट्टीवर घासत सरकणारा), तीन वायरींचा: पाच व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल. बंद थ्रॉटलला अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आत, असा लावला. ग्राउंड गाडीच्या बॉडीला न देता ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच दिला. पूर्ण उघडल्याचं माप घेताना हाताने पुली फिरवू नका, कोणाला तरी आत बसवून पेडल दाबायला लावा. केबल ढिली असेल तर हाताचं आणि पायाचं माप जुळत नाही.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला आणि बॉनेटखाली तर विचारूच नका. वर्धा रोडने बुटीबोरीकडे एका वेगात जाताना, पाय ठरावीक जागी आला की बारीक झटके. मिस्त्री म्हणाला पेट्रोल पंप, दुसरा म्हणाला प्लग. डिजिटल मल्टीमीटरला काहीच दिसेना. ईसीयूचं लॉगिंग लावलं तेव्हा कळलं, सव्वा व्होल्टपाशी सिग्नल क्षणभर पडतो आणि परत येतो. आतली कार्बनची पट्टी तेवढ्या जागी घासली होती. सिग्नल पडला की ईसीयूला वाटतं पाय उचलला, वर आला की वाटतं पाय दाबला, मग ते जादा पेट्रोल सोडतं. झटका तिथून.

त्याजागी हॉल इफेक्टवाला, म्हणजे चुंबकावर चालणारा सेन्सर बसवला. त्यात घासणारं काही नसतं, त्यामुळे महाग असला तरी सुरुवातीलाच घ्यावा. पावसाळाभर एक झटका नाही. एक मात्र सांभाळा: पोटेन्शिओमीटर उलटा चालला तर पाच व्होल्ट आणि ग्राउंड अदलाबदल करून भागतं, हॉलवाल्यात तसं केलं तर सेन्सर जळू शकतो.

किरकोळ गोष्टी. नव्या बॉडीला कूलंटची वाट नाही, म्हणून जुन्या बॉडीला येणारे कूलंटचे दोन होज आपसात जोडले. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत बॉडीत बर्फ धरण्याची भीती मला वाटत नाही. आयडलिंग स्टॉपच्या स्क्रूवर (बटरफ्लाय किती बंद व्हावा ते ठरवणारा) बसवू नका, ते काम आयडल व्हॉल्व्हचं. गॅस्केटभोवती कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून बघा, रेस हलली तर हवा गळतेय. ॲव्हरेज होतं तेवढंच आहे. ट्यूनिंगला जवळपास बॉडीइतकेच पैसे गेले, हे दुकानदार सांगत नाही. आणि कायदा गाडीत असे फेरफार सहजासहजी मान्य करत नाही, तेही धरून चला.

हल्ली बटरफ्लायच्या शाफ्टला किंचित खेळ जाणवतोय, गरम इंजिनला आयडलिंग थोडं वरखाली होतं. बहुधा काटोल रोडच्या धुळीची कृपा. नवीन बॉडी घ्यायची इच्छा नाही. नागपुरात कोणी शाफ्टला नीट बुश (आधाराची कडी) बसवून देत असेल तर सांगा.