बॉल-स्ट्राइकची दाद : स्वागतार्ह, पण अपुरी सोय

मेजर लीग बेसबॉल या उत्तर अमेरिकेतील अव्वल लीगने 2026 च्या हंगामापासून लागू केलेली बॉल-स्ट्राइक दाद यंत्रणा मला मनापासून आवडली. चेंडू फलंदाजासमोरच्या ठरलेल्या चौकटीतून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. पंचांचा निर्णय पटला नाही, तर फलंदाज, पिचर (चेंडू टाकणारा) किंवा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) डगआउटच्या, म्हणजे संघाच्या बाकाच्या, सल्ल्याविना, तत्क्षणी टोपीवर किंवा हेल्मेटवर थाप मारतो. चेंडूचा टिपलेला मार्ग मोठ्या पडद्यावर उमटतो आणि काही सेकंदांत वाद मिटतो. सुरुवातीला संघाला दोनच संधी असतात आणि दाद खरी ठरली तरच ती संधी शाबूत राहते, त्यामुळे उठसूट तक्रारीला वाव नाही. अशा निर्णयांवरून पूर्वी टोकाचे वाद झाले आहेत : 1996 मध्ये फलंदाज रॉबर्टो अलोमार पंच जॉन हर्शबेक यांच्यावर थुंकला, तो वाद फलंदाजाला बाद करणाऱ्या तिसऱ्या स्ट्राइकवरूनच पेटला होता.

अर्थात, खिलाडूवृत्ती यंत्रातून येत नाही. 2010 मध्ये पंच जिम जॉइस यांच्या चुकीने पिचर आर्मांडो गलारागाचा परफेक्ट गेम (एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू न देता जिंकलेला सामना) अखेरच्या फलंदाजावर हुकला, तेव्हा गलारागा केवळ हसला आणि पुन्हा चेंडू टाकायला वळला. दुसऱ्या दिवशी सामन्याआधी पंचांना द्यायची संघाची यादीही त्यानेच, डोळे पाणावलेल्या जॉइस यांच्या हाती दिली. त्या संयमापुढे मी नतमस्तक आहे. यंत्रणेत एक उणीव आहे : फलंदाजाने बॅट फिरवता फिरवता अर्धवट थांबवलेल्या स्विंगवरील निर्णयावर मात्र अजून दाद मागता येत नाही; ती उणीव लवकर दूर व्हावी.