आयर्लंडच्या संसदेचं लाइव्ह बघालोय, चार स्टार

पुतणी डब्लिनला नर्स आहे, तिच्यामुळं हा नाद लागला. आयर्लंडच्या संसदेची स्वतःची वेबसाइट आहे, तिकडं संसदेला ओरक्तस म्हणतात, त्यावर सभागृहाचं काम लाइव्ह दिसतंय, जुने व्हिडिओ पण आहेत, सगळं फुकट. लॉगिन नाही की काय नाही. सभा शक्यतो मंगळवार ते गुरुवार, आणि तिकडची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ, म्हणजे दुकान बंद करून आलं की बरोबर सापडतंय.

बघायचं असेल तर लीडर्स क्वेश्चन्सच बघा, विरोधी पक्षवाले पंतप्रधानाला तोंडावर विचारतात आणि त्याला तिथंच उठून उत्तर द्यावं लागतंय. आता मिहॉल मार्टिन आहेत. सगळ्यात जास्त काय चालत असेल तर घरांचा प्रश्न. २०२५ च्या सुरुवातीलाच सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यात राहणारे १५ हजारांच्या वर गेले होते, त्यात साडेचार हजारांवर मुलं, आणि देश केवढा, ५० लाखांच्या जरा वर माणसं. भाडं वर्षाला २ टक्क्यांच्या वर वाढवायचं नाही असा नियम आधी ठराविक भागांत होता, जून २०२५ ला तो अख्ख्या देशाला लावला. पुतणी फोनवर भाड्याचं रडगाणं गायची तेव्हा मी हूं हूं करायचो, आता उलट मीच तिला सांगतो की अगं कालच चर्चा झाली, तर ती म्हणते काका मला ड्युटी आहे.

मला सगळ्यात आवडलं ते लेखी रेकॉर्ड. कोण काय बोललं ते नावासकट शब्दाला शब्द टाकतात, नाव टाकून शोधलं की त्या माणसाची सगळी भाषणं समोर. मंत्र्यांनी दिलेली लेखी उत्तरं पण आहेत, हॉस्पिटलची वेटिंग लिस्ट, अपंग मुलांच्या तपासण्या, घरी आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांचा भत्ता, असलं सगळं. आणि एक गंमत, कोण आयरिशमधनं बोलला तर रेकॉर्डला आयरिशच छापतात, खाली इंग्रजी नाही, मग आपण अडकलो! पण खरं सांगू, मला त्याचा राग येत नाही. रोज घरात इंग्रजीच बोलणारे जास्त असून घटनेत आयरिश पहिली भाषा ठेवलीय त्यांनी, आणि इथं बेळगाव-खानापूर-निपाणीकडं मराठीत कागद द्या म्हणून निवेदनं देऊन देऊन आपले म्हातारे झाले. असो, रिव्ह्यू आहे, विषय भरकटतोय.

माजी पंतप्रधान लिओ वराडकर आता दिसणार नाहीत, २०२४ च्या निवडणुकीला ते उभेच नव्हते, पण जुने व्हिडिओ काढून बघा. वडील मालवणजवळच्या वराडचे, म्हणजे आंबोली उतरलं की आपलंच की ओ.

शिस्तीचं म्हणाल तर तिकडं पण सगळे साधू नाहीत. जानेवारी २०२५ ला बोलायची वेळ कुणाला मिळणार यावरनं एवढा दंगा झाला की पंतप्रधानाची निवडच दुसऱ्या दिवशी ढकलली. नंतर सभापती वेरोना मर्फी यांच्यावर विश्वासाचा ठराव आला, ९६ विरुद्ध ७१ नी त्या टिकल्या. ते दिवस सिरीयलपेक्षा भारी.

एक स्टार कशाला कापला? सुट्टी. २०२५ च्या जुलै-ऑगस्टात तिकडं भारतीयांवर हल्ले झाले, आपल्या दूतावासानं जपून राहा म्हणून सूचना काढली, आम्ही इकडं घाबरून वेबसाइट उघडून बसलो तर सभागृह सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बंद! मंत्री बाहेर बोलत होते, पण सभागृहात उभं करून विचारणार कोण.

दुसरी बारीक तक्रार म्हणजे अ‍ॅक्सेंट. काही मेंबर एवढं भरभर बोलतात की मी संध्याकाळी नुसते चेहरे बघतो आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड वाचतो. नवीन माणसानं बजेटला हात लावू नका, झोप येते. आणि मोबाइल डेटावर लाइव्ह लावू नका, वायफाय असेल तरच.