पाटी नसलेली कार्यशाळा आणि १९७५ सालची पद्मिनी

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत प्लेटिंग, पावडर कोटिंग आणि लेथकाम करणाऱ्या लहान गाळ्यांच्या रांगेत जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करून देणारी एक कार्यशाळा आहे. तिच्या दारावर पाटी नाही, ती कुठे जाहिरात करत नाही आणि जुन्या गिऱ्हाइकाने शब्द टाकल्याखेरीज नवे गिऱ्हाईक सहसा घेतले जात नाही; त्यामुळे हा अभिप्राय नावाविनाच लिहावा लागत आहे. आमची १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी तिथे दिली होती. पत्रेकाम आणि रंग अन्यत्र झाला. येथे लिहायचे आहे ते यंत्रभागांविषयी, म्हणजे गाडी पूर्ण सुटी करणे, प्रत्येक भाग साफ करणे, तो पुन्हा वापरण्याजोगा आहे की नाही हे ठरवणे आणि नसल्यास त्याच्या जागी काय बसवायचे ते शोधणे, या कामाविषयी.

पुण्यात पद्मिनीचे भाग मिळतच नाहीत असे नाही. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत गॅस्केट, ऑइल सील, क्लच प्लेट अजून मिळते, बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चिकाटीने शोधल्यास दाराच्या मुठी आणि दिव्यांच्या कड्याही हाती लागतात, आणि उरलेल्या गोष्टींसाठी मुंबईकडे पाहावे लागते. तिथल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी या गाडीचा सुट्या भागांचा व्यापार दीर्घकाळ जिवंत ठेवला होता; ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि तो आधारही गेला. खरी अडचण उपलब्धतेपेक्षा दर्जाची आहे. नव्या डब्यातून निघणारा भाग दिसायला चकचकीत असतो, पण त्याचे रबर हाताला कडक लागते, पितळ पातळ असते आणि मापात फरक निघतो. या कार्यशाळेचे मिस्त्री म्हणूनच बदलण्याआधी साफ करून पाहतात. जुना भाग धुऊन, मोजून आणि भिंगाखाली तपासून झाल्याशिवाय ते नव्या भागाची मागणीच नोंदवत नाहीत. गाडी सुटी करताना प्रत्येक जोडणीचे छायाचित्र काढले जाते, बोल्ट जागेप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत जातात आणि मालकाला एक यादी मिळते, जिच्यात कोणता भाग ठेवला, कोणता बदलला आणि का, हे लिहिलेले असते. पुण्यातल्या गॅरेजांत ही शिस्त दुर्मीळ आहे, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

या यादीतील सर्वांत महत्त्वाची नोंद सिलिंडर हेडची होती. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असतो, पण हेड अ‍ॅल्युमिनिअमचे. इंजिनकाम करणाऱ्या अनेक ठिकाणी सगळे भाग एकत्रच कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत उकळायला टाकतात; बिडावरची काजळी आणि जुने तेल त्यात उत्तम निघते, परंतु तोच सोडा अ‍ॅल्युमिनिअम खातो, हायड्रोजनचे बुडबुडे सोडतो आणि गॅस्केट बसण्याचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा करून ठेवतो. येथे ब्लॉक टाकीत गेला आणि हेड मात्र सौम्य डिटर्जंटच्या कोमट पाण्यात, नायलॉनच्या ब्रशने आणि शेवटी बारीक काचमण्यांच्या कमी दाबाच्या फवाऱ्याने साफ झाले. फवाऱ्यापूर्वी तेलाच्या आणि पाण्याच्या वाटा रबरी बुचांनी बंद केल्या होत्या, कारण एखादा मणी तेलाच्या वाटेत राहिला तर तो पुढे बेअरिंगमध्ये जाऊन बसतो. ब्लॉकवरचा इंजिन क्रमांक कोरलेला भाग प्रत्येक टप्प्यावर झाकून ठेवला होता. तो पुसट झाला तर प्रादेशिक परिवहन कार्यालयात काय होते, हे जुनी गाडी बाळगणाऱ्यांना सांगायला नको.

कार्ब्युरेटरच्या बाबतीत हीच काळजी दिसली. त्याचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असल्याने त्याला आम्ल आणि अल्कली दोन्ही चालत नाहीत. ते कार्ब्युरेटर क्लीनरने धुऊन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांच्या तोट्या, हवेच्या झोताने मोकळे करण्यात आले. जेटच्या भोकात तार घालण्याची जी सर्रास पद्धत आहे तिला येथे सक्त मनाई आहे, आणि ते योग्यच आहे, कारण भोक किंचित जरी मोठे झाले तरी पेट्रोल आणि हवेचे प्रमाण कायमचे बिघडते.

पेट्रोलच्या टाकीला मात्र खूप वेळ लागला. आतून खवल्यांसारखा गंज सुटत होता. बाजारात अशा टाक्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल ओतून झटपट काम उरकले जाते, पण त्यामुळे उघडा पडलेला पत्रा काही तासांतच पुन्हा तांबूस होतो. मिस्त्रींनी टाकीतील पेट्रोलची वाफ पूर्णपणे घालवली आणि मगच धुण्याच्या सोड्याचे पाणी भरून कमी व्होल्टच्या विद्युतप्रवाहाने गंज काढला. धन टोकाला साधी लोखंडी सळई लावली होती. तिथे स्टेनलेस स्टील वापरल्यास द्रावणात क्रोमिअमची विषारी संयुगे उतरू शकतात, म्हणून ते टाळायचे, हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्या वेळी हायड्रोजन वायू सुटत असल्यामुळे टाकी उघड्या आवारात ठेवली होती.

टाकी वाचली, पण पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलला गेला. या एका ठिकाणी जुने जपण्याचा आग्रह त्यांनी आपणहून सोडला, आणि त्याला कारण आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. सत्तरच्या दशकातले रबर त्यात फुगते, मऊ पडते आणि त्याचे कण कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचतात. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीच्या तळाशी पाणी साठू शकते. नव्या नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या फ्लुरोइलास्टोमर या कृत्रिम रबराच्या आहेत, आणि त्या साध्या नळ्यांपेक्षा बऱ्याच महाग पडल्या.

ब्रेकचे काम पाहून समाधान वाटले. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधील धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसून काढली. व्हील सिलिंडर मोजल्यावर दोन सिलिंडरांच्या आतल्या भिंतींवर खड्डे आढळले. ते होन करून, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून, भागवण्याऐवजी बदलले. बाकीचे केवळ नवे रबरी कप घालून ठेवले. हे कप बसवताना रॉकेल किंवा पेट्रोल वापरले नाही, ब्रेक ऑइलच वापरले, कारण खनिज तेलाने ते रबर फुगते आणि ब्रेक चाकाला धरून बसतो. नवे ऑइल डॉट ४ प्रतीचे भरले, ज्याचा कोरड्या स्थितीतील किमान उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सिअस असतो. वरंधा किंवा ताम्हिणी उतरताना तो आकडा कागदावरचा राहत नाही.

बोल्टविषयी दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. पद्मिनी मूळची फियाट असल्याने तिचे आटे मेट्रिक आहेत, परंतु १० मिलिमीटरच्या अनेक बोल्टना १.२५ मिलिमीटर पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, आहे, तर हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा बोल्ट १.५ पिचचा असतो. तो जोर लावून बसवला की अ‍ॅल्युमिनिअममधले आटे गेलेच म्हणून समजावे. येथे जुने बोल्ट साफ करून जवळच्याच गाळ्यात झिंक प्लेटिंग करून परत वापरले आणि तुटलेल्या चार-दोन बोल्टच्या जागी ८.८ ग्रेडचे, योग्य पिचचे मागवले.

जुने ठेवण्याच्या या पद्धतीला कायद्याचीही एक बाजू आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. मात्र गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती १० वर्षांसाठी असते. अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, त्यामुळे आम्ही तो विचार तूर्त बाजूला ठेवला आहे, पण उद्या अर्ज करायचा झाला तर कार्यशाळेची ती यादी पुरावा म्हणून नक्कीच उपयोगी पडेल.

आता उणिवा. बंपरचे क्रोम बाहेरच्या एका गाळ्यात करून घेतले गेले आणि तिथे बफिंग इतके झाले की कडांची मूळ धार गोल झाली. क्रोमचा थर मायक्रॉनच्याही आत असतो, रूप ठरते ते खालच्या निकेलवर आणि त्याखालच्या धातूच्या घडणीवर. त्यामुळे एकदा घासून गेलेली धार प्लेटिंगने परत येत नाही. हे काम बाहेर गेले तरी त्यावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी कार्यशाळेचीच होती. दुसरी गोष्ट पैशांची. मजुरी तासांवर आकारली जाते आणि प्रत्येक भागाची पावती दाखवली जाते हे खरे, पण अंतिम रक्कम पहिल्या अंदाजाच्या जवळपास दीडपट झाली, आणि वाढ होत असताना आम्ही विचारल्यावरच ती सांगितली गेली. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे चासीच्या भागांचे सँड ब्लास्टिंग करणारी मुले नाकाला रुमाल बांधून काम करत होती. वाळूच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो आणि रुमाल ती धूळ अडवत नाही. ब्रेक लायनिंगबद्दल एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला हे कळत नसेल असे वाटत नाही. मी हे मिस्त्रींना स्पष्टपणे बोलून दाखवले. त्यांनी वाळूऐवजी गार्नेट वापरण्याचे आणि योग्य मुखवटे आणण्याचे मान्य केले आहे.

पावसाळ्यात ते नवे काम घेत नाहीत, कारण उघडा केलेला धातू दमट हवेत लगेच गंजतो. गाडी द्यायची असल्यास गणपतीनंतर विचारावे, अंदाजपत्रक लेखी घ्यावे, ठरलेल्या रकमेपुढे जाण्याआधी कळवण्याची अट त्यातच लिहून घ्यावी आणि बंपर प्लेटिंगला जाण्यापूर्वी बफिंग किती करायचे हे स्वतः त्या गाळ्यावर जाऊन सांगावे.