आयसीयूतला व्हीआर चष्मा : नळ्या काढताना उत्तम, रात्री निरुपयोगी

आईच्या बायपासनंतर मडगावच्या एका खासगी हॉस्पिटलात ही सोय बघायला मिळाली : डोळ्यांवर व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) चष्मा चढवला की भोवती वेगळीच आभासी दुनिया दिसते, आणि दुखण्यावरून लक्ष उडतं. नाव टाळतोय, कारण पुढे तक्रार आहे.

ऑपरेशननंतर छातीत ठेवलेल्या नळ्या काढताना जोरात कळ येते. वेदनाशामक आधी दिलंच होतं, ते व्हीआरमुळे टळत नाही. सिस्टरने चष्मा चढवला, पण हेडफोन लावला नाही. नळी ओढताना श्वास रोखायची सूचना ऐकू यायला हवी ना! समोर समुद्रकिनारा आला. आई काणकोणची. लगेच सुरू झाली, "हा कसला दर्या? होडी नाही, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) नाही, कावळासुद्धा नाही!" ही कुरकुर चालू असतानाच "श्वास रोखा" झालं आणि नळी बाहेर. "काढली?" म्हणाली.

यामागचं गणित साधं आहे. दुखणं जाणवायलाही लक्ष लागतं, ते दुसरीकडे गुंतलं की कळ बोथट होते. अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये भाजलेल्या रुग्णांसाठी १९९०च्या दशकातच व्हीआर वापरायला लागले, पुढे त्यांच्यासाठी खास बर्फाळ दुनियाही तयार केली. ड्रेसिंग चालू असताना रुग्ण त्यात बर्फाचे गोळे फेकायचे. नुसतं बघण्यापेक्षा काहीतरी करायला मिळालं तर मन जास्त रमतं. आईच्या हाती मात्र काहीच नव्हतं, तिने भांडण उकरून काढलं.

आता तक्रार. संध्याकाळी ती घाबरीघुबरी झाली म्हणून कोणीतरी चष्मा लावून निघून गेलं. मळमळायला लागलं, हातात सलाईन, बेल दिसेना. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, त्यात पट्टा मानेतल्या सेंट्रल लाइनला (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला) ओढत होता. माणूस शेजारी थांबणार नसेल तर हे लावूच नये.

रात्रीची घालमेल तर वेगळीच. मॉनिटरचे बीप, सतत पेटलेले दिवे, दिवस की रात्र तेच कळेना. तिथे तिला हवा होता स्वतःचा नंबरचा चष्मा आणि समोर दिसेल असं घड्याळ. दोन्ही मागून घ्या, बिनधास्त.

फिट्स, चक्कर किंवा भ्रम होत असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा. चेहऱ्याला लागणारं कव्हर प्रत्येक पेशंटला नवं लावतात का, तेही विचारा, आमच्याकडे लावलं. वेगळे पैसे घेतले नाहीत.

साडेतीन तारे. व्हीआरमध्ये सूचना देणारी बाई अमेरिकन इंग्रजीत बोलते, आईला कळलं ते फक्त 'रिलॅक्स'. तिला कोकणी-मराठी शिकवली तर अर्धा तारा वाढवेन.