पान ३१ वरचा ताठ हात: पाच महिने आणि तीन वाचनांनंतर

काल तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या एका रहस्यकादंबरीची बांधणी उसवली. मधला अख्खा गठ्ठा हातात आला. डिंक शोधायला उठले आणि जाणवलं, हे पुस्तक दुरुस्त करावंसंच मला वाटत नाहीये. नवं कोरं, विकत घेतलेलं पुस्तक! पाच महिन्यांत तीनदा वाचलंय, तेव्हा आता मनातलं लिहून टाकते. शेवट फोडणार आहे. ज्यांना वाचायचंय त्यांनी इथेच थांबावं.

कथानक तुम्हाला ठाऊक असेलच. निवासी शाळा, हिवाळ्याची सुट्टी, मागे राहिलेली सहा मुलं, सकाळी ग्रंथालयात सापडलेलं संगीत शिक्षकांचं प्रेत आणि छडा लावायला निघालेली १७ वर्षांची नायिका.

पहिल्या वाचनात मी जाम खूश होते, ते पान ३१ मुळे. सकाळी आठला नायिका प्रेताचा हात उचलायला जाते, तर तो लाकडासारखा ताठ. खांदा ढकलला तर सगळं शरीर फळीसारखं एकदम हलतं. इतर मुलं मात्र धरून चालतात की खून साडेसातला झाला, कारण किंकाळी तेव्हा ऐकू आली. अर्ध्या तासात प्रेत असं ताठत नाही. आवळलेला स्नायू सैल व्हायलाही ऊर्जा लागते आणि मृत्यूनंतर ती तयार होणं थांबतं. असलेला साठा संपत जातो, तसा साधारण दोन ते चार तासांनी पापण्या आणि जबड्यापासून ताठरपणा जाणवू लागतो. सबंध शरीर ताठायला बाराएक तास जातात, थंडीत त्याहून जास्त. इथे तर खिडकी रात्रभर उघडी होती! म्हणजे खून आदल्या संध्याकाळचा, किंकाळी बनावट, आणि साडेसातला स्वयंपाकघरात एकमेकांसमोर बसलेली चारही मुलं पुन्हा संशयित. पुढची दोनशे पानं मी याच आनंदात वाचली. समासात पेन्सिलने वेळापत्रकही मांडलं.

आणि शेवटी? खून साडेसातचाच. खुनी तोच, ज्याला त्या वेळी कुणी पाहिलं नव्हतं. ताठ हाताचं पुढे नावही नाही. तो धागा नव्हताच. प्रेत भयंकर वाटावं म्हणून लिहिलेली ती दोन वाक्यं होती.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूंनी, जे स्वतः रहस्यकथा लिहीत, १९२९ मध्ये या प्रकाराचे दहा नियम मांडले. त्यातला आठवा असा की, शोध घेणाऱ्याला सापडलेला धागा वाचकालाही तिथल्या तिथे दिसला पाहिजे. इथे मला दिसलं ते नायिकेला दिसलंच नाही. तीही कोण, तर डॉक्टर व्हायचं म्हणून उशाशी शरीरशास्त्राचं पुस्तक घेऊन झोपणारी मुलगी. वाचक तरुण आहे म्हणून एवढं चालून जाईल, असं कुणाला वाटलं असेल तर मला त्याचा फार राग येतो. त्या वयात आम्ही एकेक ओळ तपासत वाचायचो.

दुसऱ्यांदा वाचलं ते आपलंच चुकलं का हे पाहायला. मरणाच्या क्षणीच एखादा स्नायूगट आवळून तसाच राहतो, हे खरं आहे; बुडालेल्या माणसाच्या मुठीत गवत सापडतं ते त्यामुळेच. पण हे क्वचित घडतं आणि बहुधा हातापुरतंच असतं. पान ३१ वर तर अख्खं शरीर ताठ आहे. नाही जमत.

तिसरं वाचन भाचीमुळे झालं. ती म्हणाली, “मावशी, खून कुणी केला ते जाऊ दे ना. ती नायिका तिच्या भावाशी बोलत का नाही, मी तेवढ्यासाठी वाचत होते.” मग मी फक्त भावाची प्रकरणं पुन्हा काढली. भाची बरोबर होती. वडील गेल्यावर दोघं फोन धरून नुसती गप्प राहतात, ते पान वाचताना माझा घसा दाटून आला. ‘कुणीही वाचू नका’ असं मी मैत्रिणींना सांगत सुटले होते, ते मागे घेते. चीड मात्र वाढली. फोनवरची शांतता इतक्या जपून लिहिणाऱ्याला एका डॉक्टरला एक प्रश्न विचारणं जड होतं का?

गठ्ठा अखेर चिकटवला, भाचीला ती प्रकरणं हवी आहेत. पुढचा भाग येणार असल्याचं मागच्या पानावर छापलंय. तो मी ग्रंथालयातून आणणार, आणि आधी प्रेत सापडतं ते पान काढून वाचणार.