वाई-महाबळेश्वर साधी एसटी, गाडीतल्या माणसांसाठी ४ स्टार

वाईहून महाबळेश्वरला कोण स्वतःची कार काढतं, कोण वडापच्या जीपला बसतं, पण मी म्हणेन साध्या लाल गाडीनंच जा. तीस-बत्तीस किलोमीटर, पसरणी घाट आणि पाचगणी धरून तासभर तरी जातोच, पण तेवढ्यात जी माणसं भेटतात ना त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितोय.

सकाळच्या गाडीला पाचगणीच्या शाळांत, हॉटेलांत कामाला जाणाऱ्या बायका असतात. रोजच्याच. एखादी दिसली नाही तर कंडक्टरच विचारतो, "आज मावशी कुठं राहिल्या?" मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि गर्दी वाढली, काही लोक त्यावरून कुरकुरतात पण मला तर ते फारच चांगलं वाटतं, जी बाई माहेरी जायला नवऱ्याला सवड कधी मिळते याची वाट बघायची ती आता पोराला काखेत मारून सरळ स्टँडवर येते. पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून फुकट आहे, आधार कार्ड दाखवायचं की शून्य रुपयाचं तिकीट, त्यामुळं म्हातारी माणसंही पाव्हण्यारावळ्यांकडं जाऊन येतात.

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यावरून भांडणं होतात, होतातच. पण गाडी हलली की "गाव कुठलं म्हणायचं?" सुरू होतं आणि घाट लागायच्या आत भांडणाऱ्या दोघांची सोयरीक निघालेली मी बघितलीये. गच्च गाडीत कंडक्टर मागं पोचत नाही तेव्हा शंभराची नोट हातोहात पुढं जाते, तिकीट आणि उरलेले पैसे त्याच हातांनी मागं येतात, मधे कोणी मोजून बघत नाही. वळणं सुरू झाली की उभ्या बाईचं पोरगं बसलेल्याच्या मांडीवर, "धरा ओ जरा" एवढंच बोलून. कुणाला मळमळलं की खिडकीवाला आपण होऊन उठतो, पिशवीतून आवळा सुपारी निघते.

लांबच्या गावाला रात्रीच्या एसी स्लीपरनं पण मी जातो, झोप मस्त लागते, पण पडदा ओढला की शेजारी कोण आहे ते उतरेपर्यंत कळत नाही.

एक स्टार कापला तो मोठ्या आवाजात रील बघणाऱ्यांसाठी. अख्ख्या गाडीला ऐकवत बसतात, शेजारचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही, आणि हे हल्ली फार वाढलंय. सरळ सांगा त्यांना, "आवाज कमी करा दादा", बहुतेक जण करतात.

शनिवार-रविवार टाळा, टूरिस्टची गर्दी असते. मधल्या वारी सकाळची गाडी धरा आणि कानात हेडफोन घालून बसू नका.